भाववाढ का होते? पनवेलच्या बाजारातून दिसणारी कारणमीमांसा

महागाईवर बोलताना प्रत्येकाच्या मनात एखादा आरोपी ठरलेला असतो. गृहिणीला तो किराणा दुकानदार वाटतो, दुकानदाराला घाऊक व्यापारी, व्यापाऱ्याला वाहतूकदार, वाहतूकदाराला डिझेल आणि सर्वांना मिळून सरकार. यातील प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा अंश असतो. पण पूर्ण सत्य कोणाच्याच म्हणण्यात नसते. भाववाढीची कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात. ती वेगवेगळी करून पाहिल्याशिवाय कोणत्या वेळी कोणता उपाय लागू पडेल, हे सांगता येत नाही.

ही कारणे समजून घेण्यासाठी पनवेलइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका असलेले हे शहर पूर्वीपासून वाटेवरचे गाव आहे. बोरघाटातून उतरणारा माल येथील खाडीच्या बंदरातून मुंबईकडे जात असे. आज पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडील शेतमाल घाट उतरून पनवेलमार्गेच वाशीच्या घाऊक बाजारात पोहोचतो. शेजारच्या उरण तालुक्यातील न्हावाशेवा बंदरात १९८९ पासून जगभरचा माल उतरतो. कळंबोलीला पोलादाचा मोठा घाऊक बाजार आहे आणि तेथूनच २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. देशातील भाववाढ ज्या ज्या वाटांनी येते, त्यातील बहुतेक वाटा या एका तालुक्यातून जातात.

भाववाढ म्हणजे नेमके काय?

पावसाळ्यात कोथिंबीर महागली म्हणजे भाववाढ झाली असे अर्थशास्त्र मानत नाही. तो एका वस्तूच्या किमतीतील चढउतार होय. बहुसंख्य वस्तू व सेवांच्या किमती एकाच वेळी आणि सातत्याने वाढत राहिल्या, म्हणजेच रुपयाची क्रयशक्ती घटत राहिली, तर तिला भाववाढ अथवा चलनवाढ म्हणतात.

पनवेल, खारघर, उलवे या भागांतील जमिनींचे व सदनिकांचे दर गेल्या काही दशकांत कित्येक पटींनी वाढले. त्यामागे रेल्वे, महामार्ग, अटल सेतू (जानेवारी २०२४) आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ अशी स्थानिक कारणे आहेत. ही मालमत्तेच्या मूल्यातील वाढ आहे आणि ती ग्राहक किंमत निर्देशांकात थेट धरली जात नाही. त्यात धरले जाते ते घरभाडे. त्यामुळे पनवेलच्या रहिवाशाला जाणवणारी महागाई आणि सरकारी आकडा यांत अंतर पडते. आकडा खोटा असतो असे नव्हे. तो वेगळी गोष्ट मोजत असतो.

चलनाचा पुरवठा : महायुद्धाचा धडा

भाववाढीचे सर्वांत जुने स्पष्टीकरण चलनाच्या परिमाणाशी निगडित आहे. बाजारात वस्तू तेवढ्याच राहिल्या आणि पैसा मात्र वाढला, तर प्रत्येक वस्तूसाठी अधिक पैसे मोजावे लागतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी हा सिद्धांत समीकरणाच्या रूपात मांडला. चलनाचे परिमाण गुणिले चलनाचा वेग हा गुणाकार, किंमतपातळी गुणिले व्यवहार या गुणाकाराइतका असतो, असे ते समीकरण आहे. पुढे मिल्टन फ्रीडमन यांनी याच विचाराला नवे बळ दिले.

भारतात याचा सर्वांत ठळक प्रत्यय दुसऱ्या महायुद्धात आला. ब्रिटिश सरकार भारतातून युद्धासाठी कापड, धान्य, पोलाद व इतर माल घेत होते. त्याची किंमत लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंडांत जमा होई आणि त्या तारणावर येथे रुपयाच्या नोटा छापल्या जात. माल आघाडीवर गेला आणि नोटा देशात राहिल्या. १९३९ साली चलनात असलेल्या नोटा सुमारे १८० कोटी रुपयांच्या होत्या. १९४५ पर्यंत तो आकडा हजार कोटींच्या पुढे गेला. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तेथून येणारा तांदूळही बंद झाला. भात हेच मुख्य अन्न असलेल्या कोकणाला आणि मुंबईला हा घाव फार लागला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली.

या अवघड काळात, ऑगस्ट १९४३ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून चिंतामणराव देशमुख यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांचा जन्म तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात महाडजवळील नाते या गावचा. बाजारात सोने विकून जादा चलन शोषून घेणे, कर्जरोखे विकणे आणि नियंत्रित दराने धान्यवाटप करणे असे उपाय त्या काळात योजले गेले. तथापि, युद्धाचा खर्च जोवर नोटा छापून भागवला जात होता, तोवर त्या उपायांना मर्यादा होत्या.

स्वातंत्र्यानंतरही सरकारी तूट रिझर्व्ह बँकेकडून भागवण्याची प्रथा चालूच राहिली. तिला तुटीचा अर्थभरणा म्हणतात. सरकारने तात्पुरत्या हुंड्या काढाव्यात आणि रिझर्व्ह बँकेने त्या आपोआप घ्याव्यात, ही पद्धत १९९७ साली बंद झाली. २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यानुसार २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारी रोखे थेट सरकारकडून खरेदी करण्यास सर्वसाधारणपणे मनाई झाली. चलनवाढीचे सर्वांत धोकादायक दार अशा प्रकारे बऱ्याच अंशी लोटले गेले. हे दार सताड उघडे राहिले तर काय होते, हे १९२३ चा जर्मनी आणि २००८ चा झिम्बाब्वे यांनी जगाला दाखवले आहे.

मागणी वाढते तेव्हा

लोकांच्या हाती उत्पन्न वाढले, कर्ज स्वस्त झाले किंवा सरकारने खर्च वाढवला की मागणी वाढते. कारखाने व शेती तेवढ्याच वेगाने उत्पादन वाढवू शकले तर बिघडत नाही. त्यांची क्षमता संपली की वाढीव मागणीचे रूपांतर वाढीव किमतीत होते. हीच मागणीप्रेरित भाववाढ होय.

कळंबोलीच्या पोलाद बाजारात हे स्पष्ट दिसते. एकाच वेळी पूल, महामार्ग, मेट्रो आणि गृहसंकुले उभी राहू लागली की लोखंडी सळईची मागणी वाढते. पाठोपाठ सिमेंट, खडी, वाळू आणि गवंडी-सुतारांची मजुरीही चढते. एका शहरापुरता हा ताण असेल तर बाहेरून माल व मजूर येऊन तो निवळतो. साऱ्या देशातच तसे घडू लागले तर बाहेरून आणण्याला मर्यादा पडते आणि सर्वसाधारण किंमतपातळी वर सरकते. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर सरकारने करसवलती व वाढीव खर्चाच्या रूपाने अर्थव्यवस्थेला आधार दिला. तो आधार वेळीच काढून न घेतल्याने पुढील चार-पाच वर्षांच्या चढ्या भाववाढीला हातभार लागला, असे अनेक अर्थतज्ज्ञ मानतात. डाळी, दूध, अंडी, भाजीपाला यांची वाढती मागणी आणि धान्याच्या आधारभूत किमतीतील वाढ ही त्या काळातील इतर कारणे होती.

पुरवठा आटतो तेव्हा : १९७२ ते १९७४

मागणी तेवढीच असताना माल कमी पडला तरी भाव वाढतात. महाराष्ट्राच्या जुन्या पिढीला हा अनुभव १९७२ च्या दुष्काळाने दिला. देशाचे अन्नधान्य उत्पादन १९७०-७१ मध्ये सुमारे १० कोटी ८४ लाख टन होते. ते १९७२-७३ मध्ये सुमारे ९ कोटी ७० लाख टनांवर घसरले. त्याआधीच बांगलादेश युद्धाचा आणि सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार तिजोरीवर पडला होता. त्यातच १९७३ च्या अखेरीस तेल उत्पादक देशांनी खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून जवळजवळ १२ डॉलरवर नेला. घाऊक किमती १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी आणि १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या.

मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार समितीच्या महिला लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मे १९७४ मध्ये देशव्यापी रेल्वे संप झाला. जुलैमध्ये सरकारने वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत वळवला व लाभांशावर मर्यादा घातली. रिझर्व्ह बँकेने बँक दर ७ वरून ९ टक्क्यांवर नेला. पुढच्या वर्षी पीकही चांगले आले. परिणामी १९७५-७६ मध्ये घाऊक किमतींचा निर्देशांक किंचित खाली आला. त्यातील किती श्रेय धोरणाचे आणि किती पावसाचे, हा वाद अर्थतज्ज्ञांत रंगत राहिला.

इंधन आणि आयात

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आणि निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. त्यामुळे जगातील घडामोडी थेट स्वयंपाकघरात येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि सूर्यफूल तेलाचा पुरवठा खुंटला. एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे रोखली. त्याच एप्रिलमध्ये देशातील किरकोळ भाववाढीचा दर ७.७९ टक्क्यांवर गेला होता.

डिझेल महागले की त्याचा परिणाम एका वस्तूपुरता उरत नाही. घाट उतरणाऱ्या प्रत्येक मालमोटारीचे भाडे वाढते, मासेमारी नौकांचा खर्च वाढतो आणि वीटभट्टीपासून दुधाच्या टँकरपर्यंत सर्वत्र तो वाढ पेरत जातो. याला खर्चप्रेरित भाववाढ म्हणतात.

आयात महाग होण्याचे आणखी एक कारण रुपयाच्या विनिमय मूल्यात असते. जागतिक भाव स्थिर असले तरी रुपया घसरला की आयात महागते. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. जुलै १९९१ मध्ये परकीय चलनाचे संकट कोसळल्यावर दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन करावे लागले आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये घाऊक भाववाढीचा दर सुमारे १७ टक्क्यांवर पोहोचला. दोन्ही वेळा अवमूल्यन हे आधीच साचलेल्या दुखण्याचे लक्षण होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

कांदा, टोमॅटो आणि बाजाराची रचना

काही वेळा दोष पिकात नसून साठवणूक, वाहतूक आणि विक्रीव्यवस्थेत असतो. टोमॅटो टिकत नाही आणि कांदा चाळीत सडतो. भाव पडले की शेतकरी पुढच्या हंगामात लागवड कमी करतो आणि भाव चढले की सारेच तेच पीक घेतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोसह भाजीपाल्याच्या भडक्यामुळे किरकोळ भाववाढीचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला.

कांद्याने तर सरकारे अडचणीत आणली आहेत. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत त्याचा भाव हा मोठा मुद्दा ठरला. म्हणूनच भाव चढू लागताच पहिला घाव निर्यातीवर पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावण्यात आले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी झाली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. शहरातील ग्राहकाला दिलासा देण्यासाठी योजलेल्या या उपायाचा भार नाशिक जिल्ह्यातील उत्पादकावर पडला आणि लासलगावसह अनेक बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. भाववाढ रोखण्याच्या उपायाचीही कोणाला तरी किंमत मोजावी लागते, हे या प्रकरणातून पुन्हा एकदा दिसून आले.

अपेक्षांचे चक्र

भाव वाढणारच, अशी खात्री पटली की माणसे तसे वागू लागतात. व्यापारी माल रोखून धरतो, ग्राहक जादा साठा करतो, घरमालक भाडेकरारात वार्षिक वाढ लिहून घेतो आणि कामगार संघटना पुढच्या महागाईचा अंदाज धरून वेतन मागतात. यातील प्रत्येकाचे वागणे त्याच्यापुरते शहाणपणाचे असते; सर्वांचे मिळून मात्र भाववाढच होते. मूळ कारण नाहीसे झाल्यावरही भाववाढ टिकून राहते ती अशा अपेक्षांमुळे.

आकडा आणि अनुभव

भाववाढीचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे नव्हे. १०० रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी ११० आणि दुसऱ्या वर्षी ११४ रुपये ४० पैशांना मिळाली, तर दर १० वरून ४ टक्क्यांवर आला. वस्तू मात्र महागच राहिली. तुलनेचे वर्षही महत्त्वाचे असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ भाववाढीचा दर ६.२१ टक्के होता. एका वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तो ०.२५ टक्क्यावर आला. खाद्यपदार्थ स्वस्त झाले होते व वस्तू-सेवा कराचे दरही सप्टेंबरमध्ये घटले होते हे खरे. पण आदल्या वर्षीची पातळी उंच असल्याचाही त्यात मोठा वाटा होता.

२०१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या त्या निर्देशांकात अन्न व पेये यांना ४५.८६ टक्के भार होता. ज्या कुटुंबाचा दोनतृतीयांश पगार अन्नावर खर्च होतो, त्याची महागाई या सरासरीहून वेगळी असणारच.

भार कोणावर?

भाववाढ सर्वांना सारखी लुटत नाही. कर्जदाराला ती सोयीची ठरते, कारण त्याला स्वस्त झालेल्या रुपयांत परतफेड करायची असते. जमीन, सोने वा माल असणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. ज्याचे उत्पन्न वा बचत ठरावीक रुपयांत बांधलेली असते, तो मात्र काहीही चूक नसताना गरीब होत जातो.

पनवेल-उरण परिसराइतका याचा अनुभव क्वचितच कोठे आला असेल. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्यास प्रारंभ झाला. भातशेती आणि मिठागरे गेली. हाती आला तो रोख मोबदला. १९७०-७१ मध्ये १०० असलेला घाऊक किंमत निर्देशांक १९८१-८२ मध्ये २८१ वर पोहोचला होता. याचा अर्थ, त्या काळात घरात ठेवलेल्या १०० रुपयांनी अकरा वर्षांनंतर जेमतेम साडेपस्तीस रुपयांचा माल मिळत होता. बँकेतील व्याजाने ही झीज काही प्रमाणात भरून निघाली असेल. शेती गेलेल्या घरात मात्र मोबदल्याचा बराच पैसा ठेव म्हणून राहण्याऐवजी रोजच्या खर्चातच जाण्याचा संभव अधिक. दुसरीकडे, दिलेली जमीन शहर वाढेल तशी महाग होत होती.

मोबदल्याचा प्रश्न केवळ भाववाढीचा नव्हता. त्यात न्यायाचा आणि विकासातील वाट्याचा प्रश्न होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी दीर्घ लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, झिजणाऱ्या रुपयाऐवजी न झिजणाऱ्या मालमत्तेत वाटा मिळावा, अशीच ती मागणी होती. अर्थशास्त्राची पुस्तके न वाचलेल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी चलनवाढीचे हे मर्म अनुभवातून ओळखले होते.

उपायांच्या मर्यादा

२०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून रिझर्व्ह बँकेवर किरकोळ भाववाढ ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याची जबाबदारी सोपवण्यात आली. सलग तीन तिमाहींत ही मर्यादा मोडली तर बँकेने सरकारला कारणे कळवावीत, अशी तरतूद आहे. २०२२ मध्ये प्रथमच तसा प्रसंग आला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेण्यात आला.

व्याजदर वाढवला की कर्ज महागते आणि मागणी आवरली जाते. त्याने पाऊस पडत नाही किंवा तेलविहिरीतून अधिक तेल येत नाही. तुटवड्यावर उपाय साठा, आयात, सिंचन, शीतगृहे आणि रस्ते यांतच शोधावा लागतो. चलनाच्या अतिरेकावर उपाय सरकारी तुटीच्या शिस्तीत असतो. अपेक्षांवरचा उपाय म्हणजे धोरणाची विश्वासार्हता. कारण एक आणि औषध दुसरे असे झाले की रोग हटत नाही, उलट कांदा उत्पादकासारख्या तिसऱ्याच घटकाला अपाय होतो. नियंत्रण अति झाले तरी धोका असतो, कारण चढ्या व्याजाने गुंतवणूक रोडावते व रोजगार घटतो.

वार्षिक ६ टक्के दराने किमती सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतात. हा दर ऐकताना सौम्य वाटतो. निवृत्त माणसाची ठेव, घरकाम करणाऱ्या बाईचा न वाढलेला पगार किंवा जमिनीच्या बदल्यात मिळालेली रक्कम यांना मात्र बारा वर्षे हा थोडा काळ नव्हे. म्हणूनच भाव का वाढले, या प्रश्नाइतकाच त्याचा भार कोणावर पडला, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.